खडकाखालचं तांबडं

चाचांना वास्तुशांतीला बोलवायची सोय नव्हती. बाकीचे पाहुणे माना वर करून "काय बाल्कनी काढलीय, काय काचा बसवल्यात" म्हणत असायचे, आणि हा माणूस हातात जेवणाचं ताट घेऊन घराला खालून खालून प्रदक्षिणा घालत असायचा. जोत्याला बोट लाव, कोपऱ्यात वाकून बघ, पावसाचं पाणी कुठं मुरतंय ते शोध, असं चालायचं. घरमालक कौतुकानं जवळ आला की चाचा विचारायचे, "वरचं ऱ्हाऊ दे. खाली खणताना काय लागलंतं?"

मालकाला बहुतेक वेळा ठाऊक नसायचं. मग चाचा ताटातली जिलेबी सावकाश संपवायचे आणि म्हणायचे, "म्हंजे कशावर ऱ्हायला आलायसा त्येच म्हाईत न्हाय. बरं बरं. मुबारक हो." चाची त्यांना कोपरानं ढोसायच्या आणि आम्ही लवकर निघायचो.

कोल्हापुरात उद्यमनगरात, एका फौंड्रीच्या मागं, चाचांची माती तपासायची लॅब होती. मी तिथं अकरा वर्षं काढली. मी नेसरीची, सिव्हिलची डिग्री घेऊन नोकरी शोधत आले होते, आणि ही जागा मिळाली ती दुसरीकडं कुठं मिळेना म्हणून. मुलाखतीत चाचांनी सर्टिफिकिटं बघितली नाहीत. टेबलावरचं एक ढेकूळ पुढं केलं आणि म्हणाले, "खा."

"काय?"

"माती. जरा दाताखाली धर. कचकच वाजली तर गाळ, लोण्यागत गेली तर चिकण. तुमच्या पुस्तकात हाय की हे! वाचलं न्हाईस व्हय?"

पुस्तकात होतं, हे खरं. पण आमच्या वर्गातल्या साठ जणांपैकी एकानंही ते करून बघितलं नव्हतं. मला असा काही राग आला म्हणता, मी ते ढेकूळ उचललं आणि एक लचका तोडला. कचकच वाजली. "गाळ," मी म्हटलं. "नदीचा," ते म्हणाले, "सोमवारपासनं ये."

सात पिढ्या विहिरी खोदणारं त्यांचं घराणं. आजा, बाप, चुलते सगळे आयुष्यभर जमिनीत उतरत राहिले. चाचा तेवढे शिकले. पण कॉलेजात शिकवायला आलेल्या साहेबांपेक्षा त्यांना बापाचं जास्त पटायचं, आणि बापापेक्षा साहेबांचं मोजमाप. आमचं शास्त्र फार जुनं नाही, हे ते अभिमानानं सांगायचे. "देवळं हजार वर्षांची, किल्ले चारशे वर्षांचे. पण पायाखाली काय चाललंय हे माणसानं मोजाय घेतलं ते आत्ता, शंभर वर्षांमागं. तोवर समदा अंदाज! तो पिसाचा मनोरा बघ. अख्खं जग तिथं फोटो काढाय जातंय. कशाचा फोटो? आमच्या धंद्याच्या चुकीचा!"

या शास्त्राचा जो मूळपुरुष, तो परमुलखात शिकवायला गेलेला एक युरोपियन इंजिनिअर. तिथं प्रयोगशाळा नव्हती, तर त्यानं सिगारच्या डब्यांत आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांत माती भरून, वर वजनं ठेवून ती किती दबते ते मोजलं. ही गोष्ट चाचांनी मला शंभरदा तरी सांगितली असेल, आणि दरवेळी चाचीकडं बघत. कारण चाचांची पहिली लॅबही चाचीच्या स्वयंपाकघरातच निघाली होती. बिर्याणीच्या पातेल्यात माती भिजत पडलेली, आणि ज्या भट्टीत नानकटाई भाजायची तिच्यात नमुने वाळत घातलेले. "एका ईदीला नानकटाई खाऊन समद्यांचे दात कचकच वाजले," चाची सांगायच्या, "आणि ह्यो बाबा मला इचारतोय, कुठल्या नदीचा गाळ म्हणून!"

त्या काळात माती तपासायची म्हटलं की बिल्डर हसायचे. एक जण तोंडावर म्हणाला होता, "मातीला काय शुगर झालीया व्हय, तपासाय?" चाचा म्हणाले, "तुमची तपासताय न्हवं? तुमी तर हिंडूनफिरून हायसा. तिनं तुमचं चार मजलं डोक्यावर घिऊन जलमभर पडायचं हाय." त्या बिल्डरनं पुढं वीस वर्षं दुसऱ्या कुणाकडं काम दिलं नाही.

लॅबमध्ये एक तपासणी असते. ओली माती तळहातानं काचेवर वळायची, सुतासारखी. तीन मिलिमीटर जाडीची वळी होताना ती तुटायला लागली की त्या मातीत पाणी किती, ते मोजायचं. त्यावरून माती किती चिवट ते कळतं. इंजिनिअर लोकांचे हात या कामाला अगदी भिकार. एकाची वळी दोन मिलिमीटरची, एकाची पाच. चाचांनी यावर काय करावं? कबनूरच्या एक मावशी लेकाकडं कोल्हापुरात राहायला आल्या होत्या, हातावरच्या शेवया करून विकायच्या. चाचांनी त्यांना लॅबमध्ये आणून बसवलं. एकदा पुण्याहून तपासायला आलेले एक साहेब म्हणाले, "या बाईंची पात्रता काय?" मावशींनी वर न बघता दहा वळ्या करून पुढं ठेवल्या. साहेबांनी खिशातलं मोजायचं यंत्र काढलं. दहाच्या दहा तीन मिलिमीटर. साहेबांनी यंत्र मिटून खिशात घातलं आणि चहा मागितला. आम्ही त्या दिवशी लॅबमध्ये शिट्ट्या मारल्या.

आणखी एक खोड. कुठल्याही जागेवर गेले की जमिनीत भोक पाडायचं मशीन लावायच्या आधी चाचा आजूबाजूच्या विहिरी बघत हिंडायचे. "इहीर म्हंजे आयती बोअर की गं! बापजाद्यांनी मारून ठेवल्याली. वाकून बघायला काय हुतंय?" लोकांना वाटायचं म्हातारा जीव द्यायला निघालाय. एकदा एका शेतकऱ्यानं लांबूनच आरोळी ठोकली होती, "ओ पावणं! जे काय आसंल ते बोलून मिटवू, मागं सरका!"

हे सगळं मला माहीत होतं. अकरा वर्षांतली चार तेव्हा झाली होती. आणि तरीही मी जे केलं ते केलं.

बिद्रीच्या बाजूला एका गावात पाण्याची उंच टाकी बांधायची होती. गावात मोकळी सरकारी जागा एकच, शाळेला लागून. टाकी कलली तर पडेल कुणावर, हे सांगायला इंजिनिअर नको. चाचांचं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. म्हणाले, "तूच जा. तूच सही कर." मी फुगून गेले. माझ्या एकटीच्या सहीचा तो पहिला अहवाल.

तिथं तीन बोअर मारल्या. तिन्हींना अडीच मीटरवर खडक लागला. आता आमच्यात रीत अशी, की खडक लागल्याचा आवाज बदलला की बोअरवाले मिस्त्री मशीन थांबवतात, नारळ फोडतात, खोबरं वाटतात. चाचांचा नियम असा, की खडक लागल्यावर आणखी तीन मीटर त्यात उतरायचं. म्हणून चाचा असले की मिस्त्रींना नारळाला हात लावू देत नसत. पण मी काही चाचा नव्हते. अर्धा मीटर दगड वर आला, करडा, टणक, आणि मिस्त्रींनी नारळ फोडला.

"मिस्त्री, अजून अडीच मीटर जायचंय," मी म्हटलं.

"ताई, आता देवाला दिलं. दिल्यावर परत टोचायचं न्हाय. दगड बघा की, कसा घंटेगत वाजतोय!"

माझ्या हातात खोबरं होतं. मी ते खाल्लं. तिन्ही बोअरला तसंच झालं. आणि अहवालात मी लिहिलं, 'अडीच मीटरपासून सलग कठीण खडक.' सही केली, तारीख घातली, शिक्का मारला.

पंधरा दिवसांनी चाचा काळा चष्मा लावून लॅबमध्ये आले आणि भिंग घेऊन माझा अहवाल वाचायला बसले. मी शाबासकीची वाट बघत समोर उभी. भिंग एका जागी थांबलं.

"सलग," ते म्हणाले. "किती खोल बघितलास?"

"अर्धा मीटर."

"आणि इहिरी?"

विहिरी बघायच्या राहिल्याच होत्या. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "गाडी काढ."

"चाचा, डॉक्टरांनी धुळीत जायला नको म्हटलंय."

"सोमवारी तिथं पायाची पूजा हाय न्हवं? मग धूळ कशी टळंल? काढ गाडी."

टाकीच्या जागेपासून दोन शेतं सोडून एक जुनी विहीर होती. डोळ्यावर ऑपरेशन झालेला सत्तरीचा माणूस कमरेला दोर बांधून त्या विहिरीत उतरला. दोर मी आणि विहिरीच्या मालकानं धरलेला. मालक मला सारखा विचारत होता, "ह्येंच्या घरात म्हाईत हाय का?" खालून हातोडीचे आवाज आले. मग चाचांची हाक आली, "ओढा!" वर आले तेव्हा त्यांच्या खिशात एक तांबडं ढेकूळ होतं, गेरूसारखं.

"वर माती," ते धापा टाकत म्हणाले, "मधी खडक. पर खडक किती? भाकरीएवढा! त्येच्या खाली हे तांबडं."

खोटं कशाला सांगू, पहिला विचार शाळेचा आला नाही, माझ्या सहीचा आला. शाळा दुसऱ्या क्षणी आठवली, आणि मग मात्र मी बांधावर बसलेच.

तिथून ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच होत्या एक वैनी, बोलायला फटकळ. चाचांनी स्टीलच्या पेल्यात पाणी मागितलं, त्यात ते ढेकूळ सोडलं आणि म्हणाले, "चहा सांगा." चहा येऊन पिऊन होईतोवर पेल्यात ढेकूळ उरलं नव्हतं. तळाशी तांबडा चिखल तेवढा होता. "टाकी गळती, पाऊस मुरतो. ह्येच्यात पाणी शिरलं की वरचा खडक भाकरीगत मोडणार. आणि टाकी शाळंवर."

सरपंचांनी पेला हलवून बघितला. मग म्हणाल्या, "ही इहिरीतली माती. टाकीखाली हीच हाय कशावरनं? ह्या बाईंनी तर लिहून दिलंय, सलग खडक."

चाचा म्हणाले, "बरोबर इचारलंसा. मला म्हाईत न्हाय. अंदाज हाय. म्हणून तर परत बोअर मारायची म्हणतोय."

"सोमवारी पूजा हाय. समद्या गावाला सांगून झालंय. थांबवलं, आणि तांबडं न्हाय निघालं तर?"

"तर माझ्या लॅबला कुलूप. किल्ली तुमच्या हातात देतो."

गाडीत मी रडले, आणि रडता रडता भांडले. "तीस वर्षांची लॅब तुम्ही अंदाजावर लावलीत? चूक माझी आहे. मला काढून टाका, लॅब कशाला?"

"अगं, पोरं बसायची हायत त्या टाकीच्या सावलीत. त्यापुढं लॅब काय लाकूड-पत्रा! आणि तुला काढून टाकून काय? खडकाखाली काय हाय ते कळणार हाय का?"

पुढची अडचण मिस्त्रींची. ज्या जागेवर नारळ दिलाय तिथं परत मशीन लावायला ते तयार होईनात. हाताची घडी घालून उभे. चाचा त्यांच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, नारळ तू कुणाला दिलास? खडकाला न्हवं? खडकाचं खडकाला पोचलं. मी आता त्येच्या खाली जो बसलाय त्येला इचारणार हाय. त्येला तू काय दिलायस?"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. मग एकदम हसले. "व्हय की! त्यो उपाशीच ऱ्हायला." नवा नारळ आणला, मशीनवर ठेवला, आणि तळ लागेतोवर फोडायचा नाही असं ठरलं.

रविवारी सकाळी मशीन सुरू झालं. निम्मं गाव जमलं होतं. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यात उभे करून लोक बघायला आले. बोअर चालू असताना आत पाणी सोडतात, ते दगडाची भुकटी घेऊन वर येतं. त्या पाण्याच्या रंगावर सगळ्यांचे डोळे. अडीच मीटर. खडक लागला. पाणी करडं. तीन मीटर. करडंच. सव्वातीन. करडं. मी मनातल्या मनात म्हणत होते, तांबडं ये, तांबडं ये. स्वतःची चूक खरी ठरावी म्हणून कुणी देवाला साकडं घातलं असेल का? मी घातलं. साडेतीन मीटर. करडं. सरपंच चाचांकडं बघायला लागल्या. चाचा काळ्या चष्म्याआड, मशीनच्या आवाजाकडं कान लावून.

तीन मीटर सत्तरला मशीनचा आवाज बसला. नळी आपल्या वजनानं खाली गेली, कुणी न दाबता. आणि भोकातून पाणी वर आलं ते तांबडंलाल!

"आलं!" मी किंचाळले. शाळेचे मास्तर किंचाळले, मिस्त्री किंचाळले. कुणाला काय कळलं, कुणाला नाही, पण टाळ्या आणि शिट्ट्या अशा सुटल्या की कुस्तीचं मैदान मारल्यासारखं. एका म्हातारबाबांनी ते तांबडं पाणी बोटावर घेऊन चाचांच्या कपाळाला लावलं आणि म्हणाले, "आता ह्योच गुलाल!" चाचांनी पुसलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, "थांबलीस कशाला? खाली जा की!" तांबडं साडेसहा मीटरपर्यंत होतं. त्याखाली परत खडक लागला. या वेळी आम्ही त्यात पुरते तीन मीटर उतरलो, साडेनऊपर्यंत दगडच दगड, आणि मगच मिस्त्रींनी नारळ फोडला. आता त्यांच्या सगळ्या मशीनवर तीच रीत आहे. त्यांची बघून दुसऱ्यांनी उचललीय.

दुसरा अहवाल लिहायला मी बसले. वर मथळा घातला, 'सुधारित अहवाल.' चाचांनी भिंग ठेवलं.

"सुधारित म्हंजे काय? आधी चांगला हुता, आता आणखी चांगला केलास?"

"तसंच लिहितात चाचा, सगळीकडं."

"पहिला चुकीचा हुता. तसं लिही. पहिल्या ओळीत लिही. आणि गावसभेत वाचून दाखव."

त्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता. मी म्हटलं, "माझं नाव जाईल. मला परत कुणी काम देणार नाही." ते म्हणाले, "जाईल तर जाईल. नाव तुझं हाय, शाळा त्येंची हाय." आणि घरी निघून गेले.

मावशी वळ्या करत ऐकत होत्या. म्हणाल्या, "लिही बाई. मला बी पयल्या दिशी जाड झालत्या. परत मळून घ्यायचं."

मी लिहिलं. गावसभेत उभी राहिले. कागद दोन्ही हातांनी धरून हळू आवाजात वाचलं. "माझा पहिला अहवाल चुकीचा होता. मी अर्धा मीटर खडक बघितला आणि सलग खडक असं लिहिलं. जे बघितलं नव्हतं ते मी लिहिलं." सरपंच उठल्या.

"बाई, मग ह्ये दुसरं तरी खरं कशावरनं?"

मी चाचांकडं बघितलं. ते मुद्दाम दाराबाहेर बघत बसले होते. मग कुठून कोण जाणे माझा आवाज खणखणीत झाला. "तेव्हा मी अर्धाच मीटर खडक दाखवू शकत होते. आज साडेनऊ मीटर पेटीत घालून आणलंय. या, हात लावून बघा!"

पेटी उघडली. जमिनीतून निघालेले दांड्यासारखे गोल तुकडे ओळीनं मांडलेले, आधी माती, मग करडे, मग तांबडे, मग परत करडे. सरपंच पहिल्या आल्या. तांबड्याला नख लावलं, नख रुतलं. खालच्या करड्याला लावलं, नख घसरलं. मग मागं रांग लागली. अख्ख्या गावानं आपल्या पायाखालची जमीन हातानं चाचपून बघितली, आणि पाया खालच्या खडकापर्यंत न्यायचं तिथंच ठरलं.

टाकी उभी राहिली. पहिल्यांदा भरताना थोडी थोडी भरतात, आणि ती किती खचते ते खांबांवरच्या पितळी खुणांवरून रोज मोजतात. मी यंत्राला डोळा लावून आकडे सांगत होते, चाचा खाली सतरंजीवर बसलेले. निम्मी भरली तेव्हा दोन मिलिमीटर. पूर्ण भरली तेव्हा तीन.

"आज?" चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"तीन."

"काल?"

"तीन."

"परवा?"

"तीनच, चाचा! तीनच!"

"वरडू नगंस," ते म्हणाले, "शाळा चालू हाय."

पुढच्या वर्षी त्या गावातून पत्र आलं. शाळेला दोन नव्या खोल्या बांधायच्या होत्या. चाचांनी पत्र आधी मनात वाचलं, मग मावशींना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. 'तरी जागेची माती बघण्यासाठी, ज्या बाईंनी सभेत स्वतःची चूक वाचून दाखवली, त्यांनाच पाठवावे. दुसरे कोणी नको.'

वहीत मशीन कधी मोकळं आहे ते बघत, उगाच पानं उलटत, मी विचारलं, "चाचा, गुरुवार चालेल का तुम्हाला?"

"कशाला?"

"यायला."

त्यांनी पत्र माझ्यासमोर धरलं. "ह्येच्यात माझं नाव कुठं हाय? दाव."

मी वरपासून खालपर्यंत वाचलं. कुठंच नव्हतं.

"मग?" ते म्हणाले. "जा की!"